तन्मणीचा क्लोज-अप: एका टेदर शूटचे १९ तास

हा दिवस कोण्या एका स्टुडिओचा नव्हे. यातला एकेक घोटाळा मात्र कुठल्या ना कुठल्या सेटवर घडत असतोच. इथे ते सगळे अंधेरीतल्या एका स्टुडिओत, दिवाळीच्या दागिन्यांच्या कॅटलॉगवर, एकाच दिवशी आणून सोडले आहेत. कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि काढलेला फोटो लगेच मोठ्या पडद्यावर बघायचा, हे टेदरिंग. दागिन्यांच्या कामात त्यावाचून निभत नाही. मोत्यावर उमटलेला सॉफ्टबॉक्सचा चौकोन कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या इवल्याशा पडद्यात कोणाला दिसणार?

रात्री ११:३०. उरले १९ तास

लॅपटॉप विचारतो, अपडेट आत्ता की रात्री? असिस्टंट ‘रात्री’ दाबतो आणि झोपतो. शूटच्या तोंडावर ऑपरेटिंग सिस्टिमला हात लावायचा नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. टेदरिंगचं सॉफ्टवेअर कोणत्या सिस्टिमवर आणि कोणत्या कॅमेऱ्यांशी चालतं, याची यादी कंपन्या देतात. ती वाचायची ती अपडेटच्या आधी.

सकाळी ७:३०. उरले ११ तास

“सर, कॅमेरा दिसेना.”

दागिने अजून पेढीच्या लॉकरमध्ये आहेत, मॉडेल मेकअपला बसलीय. म्हणजे शोध घ्यायला निवांत वेळ आहे. कॅमेरा संगणकाशी पीटीपी नावाच्या प्रोटोकॉलने बोलतो, आणि साधारणपणे एका वेळी एकाच प्रोग्रॅमशी. मॅकवर केबल लावताच फोटो उतरवून घेणारा एखादा प्रोग्रॅम आपणहून उघडतो किंवा पडद्याआडची एखादी प्रक्रिया कॅमेरा धरून बसते. मग टेदरिंगचं सॉफ्टवेअर दारात ताटकळतं. तो प्रोग्रॅम बंद करून केबल काढून पुन्हा लावली की बहुतेक वेळा काम होतं. कॅमेऱ्याचा मेनूही बघायला हवा. कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये वायफाय चालू असेल तर यूएसबी मुकी होते. सोनीत ‘पीसी रिमोट’ निवडलेलं नसेल तर लॅपटॉप कॅमेऱ्याला नुसती कार्डाची डबी समजतो.

असिस्टंट यातलं काहीच बघत नाही. तो केबल बदलतो, पोर्ट बदलतो, बॅटरी काढून घालतो, लॅपटॉप रीस्टार्ट करतो. हे सगळं एका दमात. कॅमेरा दिसतो! कशाने दिसला, ते आता कोणालाच कळणार नाही. माझ्या मते दिवस इथेच हातचा गेला. एकेक गोष्ट बदलून बघितली असती तर फार तर चहा गार झाला असता.

८:३०. उरले १० तास

चांगली ॲक्टिव्ह केबल घाईत बॅगेत गेली. आता लागलेली आहे ती आखूड. फोटोग्राफरला शिडीवरून टॉप शॉट हवा, म्हणून तिला एक्स्टेन्शन जोडलं जातं. यूएसबी २ ची साधी केबल ५ मीटरपर्यंत नियमात बसते. यूएसबी ३ ची साधारण ३ मीटरपुढे कुरकुरायला लागते, आणि मधला प्रत्येक जोड सिग्नल आणखी अशक्त करतो. त्यापुढे मधे सिग्नलला बळ देणारी केबलच हवी. शिडीवर हात हलला की कनेक्शन तुटतं. केबल कॅमेऱ्याला क्लॅम्पने बांधलेली नाही, त्यामुळे सगळा ताण त्या एवढ्याशा सॉकेटवर.

१०:००. उरले साडेआठ तास

दागिने आले, सोबत पेढीचा माणूस आणि त्याची वही. सात वाजता सगळं परत लॉकरला.

फोटो पडद्यावर यायला वेळ लागतोय, क्लायंट मॅडम घड्याळ बघतायत. फोटो एकाच वेळी कार्डावर आणि लॅपटॉपवर जातात म्हणून उशीर होतो, असा शोध असिस्टंटला लागतो. तो मेनूत जाऊन ‘फक्त संगणक’ निवडतो. वेग खरंच थोडा वाढतो. फोटोग्राफरला हे तो सांगत नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटतच नाही.

तन्मणी, ठुशी, वज्रटीक. सकाळ सुरेख जाते. तन्मणीचा क्लोज-अप पाहून मॅडम पहिल्यांदा हसतात.

दुपारी १:१५. उरले सव्वापाच तास

जेवण. बॅकअपची दुसरी डिस्क अजून बॅगेतच.

४:३०. उरले २ तास

मॅडमना स्वतःचा वेगळा मॉनिटर हवा. लॅपटॉपची पोर्टं संपली, म्हणून कुठूनसा एक हब येतो, अ‍ॅडॉप्टर नसलेला. कॅमेरा आणि फोटो साठवणारी एसएसडी, दोन्ही त्याच्यावर. असा हब लॅपटॉपच्या एका पोर्टची वीज सगळ्यांना वाटून देतो, आणि यूएसबी ३ च्या साध्या पोर्टची हमी ९०० मिलिअँपिअरची. त्यातच कॅमेऱ्यात यूएसबीवरून वीज घेण्याची सोय चालू राहिलेली. तरी गाडा चालतो.

६:०५. उरली २५ मिनिटं

रील्स काढणाऱ्या मुलाचा फोन ४ टक्क्यांवर आलाय. हबला एक भोक मोकळं दिसतं.

कॅमेरा गेला. मागोमाग डिस्क गेली, आणि तीही फोटो लिहिला जात असताना. फोन काढून डिस्क पुन्हा लावली तर मॅक म्हणतो, ही वाचता येत नाही. खाली पर्याय तीन: इनिशियलाइज, बाहेर काढा, दुर्लक्ष करा.

इथे अजून काहीही गेलेलं नाही. बिघडलाय तो फायलींचा हिशेब. फोटो डिस्कवर बहुतेक जसेच्या तसे असतात आणि रिकव्हरीवाला ते काढून देऊ शकतो. अट एकच, डिस्कवर नवं काही लिहायचं नाही. ती काढून खिशात टाकायची आणि उरलेले लूक थेट कार्डावर घ्यायचे.

“अरे, तीन लूक राहिलेत! सकाळचं कार्डावर आहे ना?”

“हो सर, असणारच.”

६:१५. उरली १५ मिनिटं

इनिशियलाइज. इरेज. डिस्क कोरी. त्याच डिस्कवर शूट पुन्हा सुरू होतं, आणि कोल्हापुरी साजाचे पंचेचाळीस-पंचेचाळीस एमबीचे फोटो सकाळच्या फोटोंवर एकामागून एक चढत जातात.

६:३०

पेढीचा माणूस तन्मणी डबीत ठेवून वहीत खूण करतो. मॅडम मॉनिटरकडे वळतात.

“तो सकाळचा तन्मणीचा क्लोज-अप लावा ना, कव्हरला तोच घेऊ.”

असिस्टंट कॅमेऱ्यातलं कार्ड काढून रीडरमध्ये घालतो. त्यावर दहाच्या आधीचे लाइट टेस्टचे सहा फोटो आहेत, आणि सहाही फोटोंत मॉडेलच्या जागी तोच बसलाय.