करारातला दात

शिकाऊ उमेदवाराच्या कराराला इंग्रजीत ‘इंडेंचर’ म्हणत. त्या शब्दात एक दात दडलेला आहे. लॅटिन ‘डेन्स’ म्हणजे दात. आपला ‘दंत’ त्याच्याच भावकीतला.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एकाच चर्मपत्रावर तोच मजकूर दोनदा लिहीत आणि मधून नागमोडी, दातेरी कापत. एक तुकडा धन्याकडे, दुसरा पोराच्या घरच्यांकडे. भांडण झालं की कडा जुळवायच्या. दातात दात बसला, तर कागद खरा. पोरानं जुगार खेळायचा नाही, गुत्त्यात जायचं नाही, लग्न करायचं नाही, धंद्यातली गुपितं फोडायची नाहीत. बदल्यात धन्यानं जेवण, निवारा आणि हुन्नर द्यायचा. १५६३च्या कायद्यानं ही शिकवणी किमान सात वर्षांची ठरवली.

व्यवसायसंघ अशा पोरांची नोंद आपापल्या वह्यांत ठेवतच. पण सरकारनं देशभरच्या वह्या घातल्या त्या पोरांच्या काळजीपोटी नव्हे. शिकवण्याबद्दल धनी घरच्यांकडून रक्कम घेई. १७१० पासून तिच्यावर कर बसला : ५० पौंडांपर्यंत पौंडामागे सहा पेन्स, त्यापुढे एक शिलिंग. वसुलीसाठी नावं टिपली गेली.

हिंदुस्थानात कंपनी सरकारनं १८५० साली शिकाऊ उमेदवारीचा कायदा केला. १० ते १८ वर्षांच्या मुलांना, विशेषतः अनाथ आणि गरीब मुलांना, कारागिराकडे बांधून देण्याची त्यात सोय होती. स्वतंत्र भारताचा कायदा १९६१चा. त्यानं करार शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नोंदवणं सक्तीचं केलं. उमेदवार अल्पवयीन असेल तर सही पालकाची. २०१४च्या दुरुस्तीनं ही नोंदणी पोर्टलवर नेली. पैशाची दिशा तर मूळ कायद्यातच उलटली होती : विद्यावेतन मालकानं द्यायचं.

आपल्याकडचा शब्द मात्र फारसीतून आला. उमेद बाळगतो तो उमेदवार. पूर्वी कचेरीत पुढेमागे चिकटू या आशेवर राबणं म्हणजे ‘उमेदवारी करणं’. कायद्यानं त्यामागे ‘शिकाऊ’ जोडलं. ‘शिकाऊ उमेदवार’ हा शब्द अचूक आहे. कारण कायद्याच्या लेखी तो कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी, आणि शिकवणी संपल्यावर नोकरीची हमीही नाही.

म्हणून सही करण्यापूर्वी मुदत, ट्रेड आणि विद्यावेतन नीट वाचा. नोंदणी झाली की कराराची प्रत मागून घ्या. दातेरी कडा गेली, तरी आपला तुकडा आपल्याच हाती असावा.