गुरूचा हात आणि गुरूचे आकडे : डॉ. हॅलस्टेड यांचा दुहेरी वारसा

१/ 'निवासी डॉक्टर' हा शब्द आपल्या रोजच्या बातम्यांतला. या पद्धतीचे मूळ शोधत गेल्यास आपण अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, डॉ. विल्यम स्टुअर्ट हॅलस्टेड (१८५२–१९२२) या अबोल शल्यविशारदापाशी पोहोचतो. त्यांनी शल्यविद्येला शिक्षणाची शिस्त दिली. त्याच शिस्तीने त्यांचा एक चुकीचा सिद्धांत जवळजवळ पाऊण शतक जपला. हा थ्रेड या दोन्ही गोष्टींविषयी.

२/ न्यूयॉर्कच्या सधन घरात जन्म, येल येथे शिक्षण, १८७७ मध्ये वैद्यकाची पदवी. पुढची दोन वर्षे व्हिएन्ना आणि जर्मन विद्यापीठांत गेली. तेथे त्यांनी पाहिले की शल्यविशारद हा केवळ चपळ हाताचा कारागीर नसतो; प्रयोगशाळा, शवविच्छेदन आणि शस्त्रक्रिया यांचा मेळ घालणारा तो अभ्यासक असतो. परतताना ही कल्पना ते सोबत घेऊन आले.

३/ १८८४ मध्ये कोकेनने डोळा बधिर करता येतो, हे व्हिएन्नात सिद्ध झाले. हॅलस्टेड यांनी लगोलग स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर प्रयोग आरंभले. मज्जातंतूपाशी औषध टोचून शरीराचा ठरावीक भागच बधिर करण्याचे तंत्र त्यांतून आकारास आले. मात्र त्या प्रयोगांनीच त्यांना व्यसनाच्या खाईत लोटले. भरभराटीला आलेला व्यवसाय मोडला आणि उपचारांसाठी रुग्णालयात राहावे लागले.

४/ या पडत्या काळात विकृतिशास्त्रज्ञ विल्यम वेल्च यांनी त्यांना बाल्टिमोरला बोलावून आपल्या प्रयोगशाळेत आसरा दिला. १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले आणि तेथील शल्यविभाग हॅलस्टेड यांच्या हाती आला. कोकेनची जागा मॉर्फिनने घेतली होती, हे जगाला फार उशिरा कळले. त्यांचे सहकारी विल्यम ऑस्लर यांनी लिहून ठेवलेली मोहोरबंद टिपणे १९६९ मध्ये उघडली, तेव्हा ते उजेडात आले.

५/ शस्त्रक्रियागृहातील परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांचे हात जंतुनाशक द्रावणाने सोलवटत. हॅलस्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून त्यांच्यासाठी रबराचे पातळ हातमोजे करवून घेतले. १८९० मध्ये दोघांचा विवाह झाला. पुढे हे मोजे जंतुसंसर्ग टाळण्याचे साधन म्हणून जगभर रूढ झाले. आरंभी मात्र त्यांचा हेतू एका व्यक्तीचे हात वाचवणे एवढाच होता.

६/ त्या काळी शस्त्रक्रियेतील वेग हेच कौशल्य मानले जाई. हॅलस्टेड मुद्दाम सावकाश काम करत. एकेक रक्तवाहिनी बांधायची, ऊती हळुवार हाताळायच्या, बारीक रेशमी धाग्याने टाके घालायचे. शिष्यांनी रुग्णालयातच राहायचे आणि वर्षानुवर्षे काम करत, पायरीपायरीने जबाबदारी वाढवत शिकायचे. १९०४ मध्ये येल येथील व्याख्यानात त्यांनी ही शिक्षणपद्धती सविस्तर मांडली.

७/ या पद्धतीतून त्यांचे १७ मुख्य निवासी शल्यविशारद घडले. मेंदूच्या शल्यविद्येचा पाया घालणारे हार्वे कुशिंग त्यांतलेच. हे शिष्य देशभर विखुरले, स्वतः अध्यापक झाले आणि त्यांनी आपापले शिष्य घडवले. शल्यविद्येचे जणू एक घराणेच उभे राहिले. घराण्यात गुरूची तालीम उतरते. तिच्याबरोबर गुरूचे आग्रहही उतरतात.

८/ हॅलस्टेड यांचा सर्वांत मोठा आग्रह स्तनकर्करोगाविषयी होता. कर्करोग गाठीपासून क्रमाक्रमाने, लसीकावाहिन्यांच्या वाटेने पसरतो, अशी त्यांची धारणा होती. म्हणून संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील लसीकाग्रंथी हे सारे एकसंध कापून काढायचे. नाव पडले 'रॅडिकल' शस्त्रक्रिया. त्या शब्दाच्या मुळाशी 'मूळ' या अर्थाचाच लॅटिन शब्द आहे. आपण म्हणू, समूळ उच्छेद.

९/ १८९४ मध्ये त्यांनी ५० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. युरोपातील नामवंतांच्या हातून झालेल्या शस्त्रक्रियांनंतर त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण ५१ ते ८२ टक्के होते. हॅलस्टेड यांच्याकडे ५० पैकी अवघ्या ३ रुग्णांत तसे घडले. त्या काळी स्त्रिया उपचारांसाठी येत तेव्हा गाठ बरीच वाढलेली असे. त्याच जागी पुन्हा चिघळणारी जखम टळणे, हा त्यांच्यासाठी खरोखरच मोठा दिलासा होता.

१०/ मात्र 'त्या जागी रोग उलटला नाही' आणि 'रुग्ण वाचली' ही दोन वेगळी विधाने आहेत. हॅलस्टेड यांच्या पुढील नोंदींत ७६ रुग्णांपैकी तीन वर्षांहून अधिक जगलेल्या केवळ ४० होत्या. रोग आधीच दूरवर पसरलेला असेल, तर छाती कितीही खोल कोरून उपयोग नव्हता. रोग पसरलेलाच नसेल, तर इतके कापण्याची गरज होती का? हा प्रश्न त्यांच्याच आकड्यांत दडलेला होता.

११/ शिष्यांनी तो विचारला नाही. रोग उलटला, तर पुरेसे कापले गेले नसावे, असाच निष्कर्ष निघे. काहींनी शस्त्रक्रिया आणखी वाढवत गळ्याच्या हाडामागे आणि बरगड्यांच्या आतपर्यंत नेली. किंमत स्त्रियांनी मोजली : खोलगट छाती, ओढलेला खांदा, जन्मभर सुजलेला हात. गाठीच्या तपासणीसाठी भूल दिलेली स्त्री कित्येकदा जागी होई, ती स्तन गमावूनच. निर्णय तिच्या झोपेत झालेला असे.

१२/ शंका घेणारे अगदीच नव्हते असे नाही. लंडनमध्ये जेफ्री केन्स (अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचे बंधू) १९२० च्या दशकात लहान शस्त्रक्रियेला रेडियमची जोड देऊ लागले. १९५० च्या दशकात क्लीव्हलंडचे जॉर्ज क्राइल धाकटे यांनी मोठ्या शस्त्रक्रियेला उघड विरोध केला. परंतु एका शल्यविशारदाचा अनुभव दुसऱ्याच्या अनुभवापुढे ठेवून वाद मिटत नव्हता.

१३/ तो मिटवण्याची रीत पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांनी अवलंबली. फिशर हेही शल्यविशारद आणि अध्यापक. १९७१ पासून १,६६५ स्त्रियांवर तुलनात्मक चाचणी सुरू झाली. कोणाला कोणता उपचार मिळणार, हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठी काढावी तसे ठरवले गेले. काहींवर हॅलस्टेड यांची शस्त्रक्रिया झाली, तर इतरांचे छातीचे स्नायू राखले गेले. अशा चाचणीत रुग्ण पाठवणे अनेक शल्यविशारदांना अधर्म वाटे. कारण योग्य उपचार कोणता, हे त्यांच्या मते आधीच ठरलेले होते.

१४/ निष्कर्ष स्पष्ट होता : आयुर्मानात लक्षणीय फरक नाही. २००२ मध्ये २५ वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला, तेव्हाही तो बदलला नाही. फिशर यांच्या पुढच्या चाचणीने दाखवले की योग्य रुग्णांत केवळ गाठ काढून किरणोपचार दिले, तरी जगण्याची शक्यता कमी होत नाही. तत्पूर्वीच, १९७९ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञ परिषदेने हॅलस्टेड यांच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण उपचार हे स्थान काढून घेतले होते.

१५/ हॅलस्टेड खलनायक नव्हते. आपल्या रुग्णांच्या नोंदी ते वर्षानुवर्षे ठेवत आणि प्रतिकूल आकडेही प्रसिद्ध करत. म्हणून तर आज आपण ते वाचू शकतो. दोष घराण्याचा होता. गुरूचे हात कसे चालतात, हे शिष्यांनी जिवापाड शिकून घेतले. गुरूची वही मात्र पुन्हा तपासली नाही. आज त्यांची शस्त्रक्रिया क्वचितच होते. त्यांचे हातमोजे, त्यांचे रेशमी टाके आणि त्यांचे निवासी डॉक्टर मात्र रुग्णालयांत टिकून आहेत.