दोन तिकिटे, एक प्रवास : वेगवेगळ्या विमानकंपन्यांची उड्डाणे जोडताना

लांबच्या प्रवासात वाटेत विमान बदलणे आता नित्याचे झाले आहे. हा बदल दोन प्रकारचा असतो. पहिल्या प्रकारात संपूर्ण प्रवासाचे एकच तिकीट असते. विमाने दोन-तीन आणि कंपन्याही निरनिराळ्या असल्या, तरी प्रवाशाशी झालेला करार एकच असतो. दुसऱ्या प्रकारात प्रवाशाने दोन कंपन्यांची दोन तिकिटे स्वतंत्रपणे काढलेली असतात आणि त्यांची सांगड त्याने स्वतःच घातलेली असते. पहिले विमान वेळेवर पोहोचले, तर दोन्ही प्रवासांतील फरक फारसा जाणवत नाही. पहिल्या विमानाला उशीर झाला, तर मात्र दुसऱ्या प्रकारात वेळ, सामान आणि खर्च या तिन्हींचा भार एकट्या प्रवाशावर येऊन पडतो.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या कामाच्या व विश्रांतीच्या तासांविषयीचे नवे नियम लागू होत असताना इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. ५ डिसेंबर या एकाच दिवशी रद्द झालेल्या उड्डाणांची संख्या एक हजाराहून अधिक होती. रद्द उड्डाणांचे पैसे परत करण्याचे आदेश केंद्र सरकारने दिले. परंतु अशा उड्डाणाच्या भरवशावर ज्यांनी दिल्लीहून किंवा मुंबईहून दुसऱ्या कंपनीचे परदेशी विमान स्वतंत्र तिकिटावर गाठायचे ठरविले होते, त्यांच्या त्या पुढच्या, बहुधा कितीतरी महाग असलेल्या तिकिटाला या परताव्याचे संरक्षण नव्हते.

एका तिकिटाची व्यवस्था

एका कंपनीने दुसऱ्या कंपनीच्या विमानाचे तिकीट देण्याची पद्धत जुनी आहे. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेची (आयाटा) स्थापना १९४५ मध्ये क्युबातील हवाना येथे झाली. कंपन्यांमधील परस्पर देणी-घेणी मिटविणारे तिचे समाशोधन गृह १९४७ मध्ये सुरू झाले. प्रवाशाने संपूर्ण भाडे तिकीट देणाऱ्या कंपनीला द्यावे, त्यातील वाटा ठरलेल्या प्रमाणात इतर कंपन्यांना मिळावा, सामान अखेरच्या मुक्कामापर्यंत परस्पर जावे आणि एखादी जोडणी चुकल्यास प्रवाशाला पुढे नेण्याची सोय व्हावी, अशी ही व्यवस्था आहे. तिला ‘इंटरलाइन’ म्हणतात. पुढे स्टार अलायन्स (१९९७), वनवर्ल्ड (१९९९) आणि स्कायटीम (२०००) या आघाड्यांनी हे सहकार्य अधिक घट्ट केले. एअर इंडिया २०१४ मध्ये स्टार अलायन्सची सदस्य झाली.

अल्पदरी कंपन्यांचा जन्म याच्या नेमक्या उलट विचारातून झाला. भारतात २००३ मध्ये एअर डेक्कनने या प्रकारची सेवा सुरू केली. एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचे, सामान तेथेच हाती द्यायचे आणि पुढे प्रवासी कोठे जातो याची चिंता करायची नाही, हे या कंपन्यांचे सूत्र होते. भाडे कमी राहण्याचे तेही एक कारण. पुढे हे चित्र काही अंशी बदलले. इंडिगो कोणत्याही आघाडीत नसतानाही तिने २०१९ मध्ये कतार एअरवेजशी कोडशेअर करार केला. त्यामुळे कंपनी आघाडीत आहे की नाही, या प्रश्नापेक्षा दोन्ही उड्डाणे एका तिकिटावर आहेत की नाहीत, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. एकाच आघाडीतील दोन कंपन्यांची तिकिटे वेगवेगळी काढली, तर सामान जोडून देण्यास अनेक कंपन्या सरळ नकार देतात.

हे ओळखण्याची खूण तिकिटावरच असते. ई-तिकिटाचा क्रमांक तेरा अंकी असून त्यातील पहिले तीन अंक तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात; एअर इंडियाचे ०९८, लुफ्तान्साचे २२०, एमिरेट्सचे १७६. सर्व टप्पे एकाच क्रमांकाखाली असतील, तर प्रवास एका कराराचा आहे. (चारांहून अधिक टप्पे असल्यास लागोपाठचे दोन क्रमांक दिले जातात, ते एकच तिकीट समजावे.) पीएनआरवर मात्र विसंबू नये. एकाच तिकिटावरील दोन कंपन्या आपापले निरनिराळे पीएनआर देऊ शकतात. तसेच संकेतस्थळावर एकदाच पैसे भरले म्हणजे तिकीटही एकच निघाले, असा समज करून घेऊ नये. कित्येक संकेतस्थळे दोन असंबंधित तिकिटे शेजारी शेजारी मांडून एकच बेरीज दाखवितात आणि ‘सेल्फ ट्रान्सफर’ हे शब्द बारीक अक्षरांत कोठेतरी लिहिलेले असतात. अशी काही संकेतस्थळे जोडणी चुकल्यास मदतीची हमीही देतात. ती हमी त्या संकेतस्थळाची असते, विमानकंपनीची नव्हे.

विमानतळावर काय घडते

नागपूरहून मुंबईला एका कंपनीने येऊन मध्यरात्रीनंतर दुसऱ्या कंपनीच्या विमानाने युरोपला जाणाऱ्या प्रवाशाचे उदाहरण घेऊ. तिकीट एकच असेल, तर नागपूरलाच दोन्ही बोर्डिंग पास मिळू शकतात आणि बॅगेवरील चिठ्ठीवर अखेरच्या विमानतळाचे संक्षिप्त नाव छापले जाते. तिकिटे दोन असतील, तर त्या चिठ्ठीवर मुंबईचे ‘बीओएम’ असते. मुंबईत उतरल्यावर पट्ट्यावरून सामान घ्यायचे, आगमन कक्षातून बाहेर पडायचे, प्रस्थान कक्षाच्या दाराशी तिकीट व पारपत्र दाखवून पुन्हा आत शिरायचे, रांगेत उभे राहून सामान सोपवायचे आणि मग इमिग्रेशन व सुरक्षा तपासणीकडे वळायचे, असा हा क्रम असतो.

यात टर्मिनलचा प्रश्न वेगळाच. मुंबईची काही देशांतर्गत उड्डाणे सांताक्रूझच्या टर्मिनल १ वर येतात, तर परदेशी उड्डाणे सहारच्या टर्मिनल २ वरून सुटतात. हे दोन्ही टर्मिनल एकाच विमानतळाची असली, तरी प्रवाशाला एकातून दुसऱ्यात शहरातील रस्त्यानेच जावे लागते. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही प्रवासी वाहतूक सुरू झाली आहे. तिकिटावर केवळ ‘मुंबई’ हा शब्द वाचून समाधान मानणाऱ्या प्रवाशाला दोन उड्डाणांच्या मध्ये खाडी ओलांडण्याची वेळ येऊ शकते. गोव्यातही दाभोळी आणि जानेवारी २०२३ पासून वाहतूक सुरू झालेले मोपा, असे दोन विमानतळ आहेत. एक दक्षिण गोव्यात, दुसरा उत्तर गोव्याच्या टोकाला.

प्रत्येक विमानतळासाठी ‘किमान जोडणी वेळ’ ठरविलेली असते. एका तिकिटावर त्याहून कमी अंतराची उड्डाणे विकलीच जात नाहीत. दोन तिकिटांना हा नियम लागू नसल्याने प्रवासी सव्वा तासाच्या फरकाचीही तिकिटे काढू शकतो आणि त्याला कोणी अडवीत नाही. देशांतर्गत उड्डाणांचे चेक-इन काउंटर साधारणतः सुटण्याच्या एक तास आधी बंद होतात. परदेशी उड्डाणांसाठी काही कंपन्या त्याहूनही आधी काउंटर बंद करतात. म्हणजे हाती असलेल्या वेळेतून हा तास प्रथम वजा केला पाहिजे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. पावसाळ्यात आणि देखभालीसाठी धावपट्ट्या बंद ठेवल्या जातात त्या दिवशी वेळापत्रकावर ताण येतो. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीतील धुके हेच काम करते. आमच्या मते देशांतर्गत उड्डाणावरून स्वतंत्र तिकिटाच्या परदेशी उड्डाणावर जाताना सहा तासांचे अंतर ही चैन नसून किमान गरज आहे. आणि जेथे दुसरे विमान दिवसातून एकदाच सुटते, तेथे आदल्या दिवशीच जाऊन मुक्काम करणे बरे. पहिले विमान शक्यतो सकाळचे घ्यावे, म्हणजे ते रद्द झाल्यास त्याच मार्गावरील पुढच्या विमानाचा पर्याय उरतो.

सामानाचा हिशेब अनेकांना काउंटरवरच कळतो. भारतात देशांतर्गत प्रवासासाठी साधारणतः १५ किलो सामान विनाशुल्क नेता येते. अमेरिकेच्या तिकिटावर अनेक कंपन्या प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा नेऊ देतात. एकाच तिकिटावर सामान्यतः संपूर्ण प्रवासाला एकच सामानमर्यादा लागू होते. तिकिटे वेगळी असतील, तर ४६ किलोंपैकी ३१ किलो हे देशांतर्गत टप्प्यावर जादा सामान ठरते आणि त्याचे शुल्क किलोप्रमाणे आकारले जाते. स्वस्त तिकिटाने वाचविलेली रक्कम येथेच संपू शकते. परदेशी तिकीट दाखविल्यास काही कंपन्या ठरावीक अटींवर सवलत देतात. तिची चौकशी तिकीट काढण्यापूर्वी करावी. जादा सामानाचे शुल्क संकेतस्थळावर आगाऊ भरल्यास ते बहुधा कमी पडते.

परदेशातील विमानतळावर दोन तिकिटे जोडायची असतील, तर व्हिसाचा प्रश्न उभा राहतो आणि तो सर्वांत कठीण आहे. सामान ताब्यात घेण्यासाठी इमिग्रेशन ओलांडावे लागते, म्हणजे त्या देशात रीतसर प्रवेश करावा लागतो. ब्रिटनमार्गे जाणाऱ्या भारतीय पारपत्रधारकाला, काही अपवाद सोडल्यास, सीमा न ओलांडताही ट्रान्झिट व्हिसा लागतो. सीमा ओलांडायची असेल, तर त्या व्हिसाचा प्रकार वेगळा असतो. अमेरिकेत तर तिकीट एक असो वा दोन, प्रत्येक प्रवाशाला पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशनमधून जावे लागते, त्यामुळे केवळ विमान बदलण्यासाठीही व्हिसा हवा. आवश्यक कागदपत्रे नसल्यास भारतातील विमानतळावरच प्रवेश नाकारला जातो. कारण नियमभंगाचा भुर्दंड प्रवासी नेणाऱ्या कंपनीला पडू शकतो. अशा वेळी ‘माझे पुढचे तिकीट आहे’ असे सांगण्याचा उपयोग होत नाही. दुसरे तिकीट त्या कंपनीच्या नोंदींत नसतेच.

कायद्याची बाजू

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) प्रवेश नाकारणे, उड्डाण रद्द होणे आणि विलंब यांविषयीचे नियम २०१० मध्ये लागू केले व पुढे त्यांत सुधारणा केल्या. उड्डाण रद्द झाल्यामुळे पुढची जोडणी चुकली, तर भरपाईची तरतूद त्यांत आहे. मात्र ते पुढचे उड्डाण त्याच तिकीट क्रमांकावर नोंदविलेले असले पाहिजे, असे शब्द नियमातच आहेत. भरपाईची रक्कम उड्डाणाच्या कालावधीनुसार ५ हजार, ७ हजार ५०० किंवा १० हजार रुपये, अथवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जी कमी असेल ती. हवामानासारख्या कंपनीच्या आवाक्याबाहेरील कारणांसाठी ती मिळत नाही.

आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ मध्ये सहभागी झाला. अनेक कंपन्यांनी मिळून केलेली वाहतूक संबंधितांनी एकच व्यवहार मानली असेल, तर ती अखंड समजली जाते, असे हा करार म्हणतो. हाच धागा युरोपीय न्यायालयाच्या निर्णयांत अधिक स्पष्ट दिसतो. ब्रेमेनहून पॅरिस आणि साओ पावलोमार्गे पॅराग्वेची राजधानी असुन्सिओनला जाणाऱ्या एका प्रवाशाचे पहिले विमान सुमारे अडीच तास उशिरा सुटले आणि त्यामुळे अखेरच्या मुक्कामी पोहोचण्यास अकरा तास विलंब झाला. विलंब अखेरच्या ठिकाणी मोजावा, असा निकाल न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. २०२२ मधील प्रकरण आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. स्टुटगार्टहून झुरिक आणि फिलाडेल्फियामार्गे कॅन्सस सिटीला जाणारा तो प्रवास परस्परांशी कायदेशीर संबंध नसलेल्या दोन कंपन्यांच्या विमानांनी होता. प्रवास संस्थेने त्यांची जोडणी करून एकत्रित किंमत घेतली व एकच तिकीट दिले, म्हणून ती जोडउड्डाणेच होत, असे न्यायालयाने ठरविले. कंपन्यांमध्ये करार असो वा नसो, प्रवाशाच्या हाती काय दिले, यावर निकाल लागला.

याचा अर्थ दोन तिकिटे काढणे नेहमीच चूक, असा नाही. वाटेतल्या शहरात दोन दिवस राहायचेच असेल, सामान हातातल्या बॅगेपुरते असेल किंवा दुसऱ्या मार्गावर दर दोन तासांनी विमान असेल, तर स्वतंत्र तिकिटे स्वस्त आणि सोयीची ठरतात. पुण्याहून द्रुतगती मार्गाने मोटारीने सहारला येणारा प्रवासीही एका परीने हेच करीत असतो. खंडाळ्याच्या घाटात वाहतूक खोळंबली म्हणून तो कोणाकडे भरपाई मागत नाही, तर घरूनच चार तास आधी निघतो. स्वतंत्र तिकिटांचा एक लाभही आहे. एका तिकिटावरील पहिला टप्पा प्रवाशाने वापरला नाही, तर पुढचे सर्व टप्पे रद्द होतात. दोन तिकिटांत पहिले विमान सोडून रेल्वेने मुंबई गाठली, तरी दुसरे तिकीट शाबूत राहते.

प्रवास विमा घेताना ‘चुकलेली जोडणी’ या कलमात स्वतंत्र तिकिटांचा समावेश आहे काय आणि दोन उड्डाणांत किमान किती तासांचे अंतर अपेक्षित आहे, हे वाचून घ्यावे.

पहिल्या विमानाला उशीर होत असल्याचे दिसताच दुसऱ्या कंपनीशी ते विमान सुटण्यापूर्वी संपर्क साधावा. सुटण्यापूर्वी तारीख बदलण्याचे शुल्क भरून तिकीट बहुधा वाचविता येते. विमान सुटल्यावर प्रवाशाची नोंद ‘गैरहजर’ अशी होते आणि परतीचा टप्पाही रद्द होऊ शकतो. पहिल्या कंपनीकडून विलंबाचे लेखी प्रमाणपत्र घ्यावे. विम्याच्या दाव्यासाठी ते लागते. भारतीय कंपनीचे न वापरलेले तिकीट परतावा न मिळणारे असले, तरी त्यातील वैधानिक कर आणि विमानतळ शुल्के परत करणे डीजीसीएच्या नियमांनुसार कंपनीवर बंधनकारक आहे, आणि हा परतावा प्रवाशाने आठवणीने मागावा. कंपनीने दाद न दिल्यास केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ संकेतस्थळावर किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.