काचेच्या धाग्यातून मोठ्या आतड्यापर्यंत : कोलोनोस्कोपीचा इतिहास आणि रुग्णाने जाणून घ्यावयाचे आकडे

पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी १९५०च्या दशकाच्या आरंभी लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत एका प्रश्नावर काम करीत होते : प्रकाश सरळ रेषेत जातो, मग वळणावळणाच्या मार्गातून चित्र कसे न्यावे? उत्तर पूर्ण आंतरिक परावर्तनात होते. हजारो बारीक काचतंतू दोन्ही टोकांना एकाच क्रमाने मांडले, तर प्रत्येक तंतू चित्राचा एकेक बिंदू वाहून नेतो. जानेवारी १९५४ मध्ये त्यांचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. उघडे तंतू एकमेकांना टेकले की प्रकाश गळतो. म्हणून तंतूवर कमी अपवर्तनांकाचे वेष्टन हवे, ही कल्पना त्याच अंकात नेदरलँड्सचे व्हान हील यांनी मांडली. अमेरिकेत मिशिगन येथे काचेचेच वेष्टन असलेला तंतू तयार झाला आणि १९५७ मध्ये बेसिल हिर्शोविट्झ यांनी जठर पाहणारी लवचीक दुर्बीण वापरली.

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब आणि अधिक वळणांचे. तेथवर पोहोचण्यास आणखी दशकभर लागले. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी या दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकून, विद्युत्प्रवाहाने पॉलिप कापून काढला. तोवर त्यासाठी पोट उघडावे लागे. या आतड्याचे बहुतेक कर्करोग अशा पॉलिपपासून, बहुधा दहा किंवा अधिक वर्षांत, उद्भवतात. त्यामुळे निदानाचे साधन प्रतिबंधाचेही साधन ठरले.

प्रतिबंध किती होतो? १९९३ मधील अमेरिकी अभ्यासात पॉलिप काढलेल्या रुग्णांत कर्करोग अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्के कमी आढळला. मात्र तुलना जुन्या नोंदींशी होती. यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. पोलंड, नॉर्वे व स्वीडन येथील ५५ ते ६४ वयाच्या सुमारे ८४ हजार लोकांपैकी एका गटाला तपासणीचे निमंत्रण दिले गेले. दहा वर्षांत निमंत्रित गटात कर्करोगाचा धोका ०.९८ टक्के, तर इतरांत १.२० टक्के होता. म्हणजे घट १८ टक्के. पण निमंत्रितांपैकी ४२ टक्केच तपासणीस आले होते. सर्वच आले असते तर घट सुमारे ३१ टक्के झाली असती, असा संशोधकांचा अंदाज आहे. दहा वर्षांत मृत्यूंतील फरक मात्र निर्णायक ठरला नाही. येथे निमंत्रणाचा परिणाम आणि तपासणीचा परिणाम या दोन वेगळ्या राशी आहेत. वृत्तांत त्यांची सरमिसळ झाली की रुग्णाची दिशाभूल होते.

अमेरिकेत २०२१ पासून सर्वसाधारण धोका असलेल्यांना ४५ व्या वर्षापासून चाळणी तपासणीची शिफारस आहे. मलातील सूक्ष्म रक्त शोधणारी चाचणी हाही मान्य पर्याय आहे. कोलोनोस्कोपी निर्दोष निघाल्यास पुढची सहसा दहा वर्षांनी. आदल्या दिवशी रेचक घेऊन आतडे पूर्ण स्वच्छ करणे हा उपचार नव्हे, तर मोजमापाची पूर्वअट आहे; मळ उरला की पॉलिप दिसत नाही. रक्तस्राव किंवा आतड्यास छिद्र पडणे हे धोके विरळ असले, तरी शून्य नाहीत.

भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत कमी आढळतो. तिशीनंतरच्या शासकीय कर्करोग तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचा समावेश आहे, आतड्याचा नाही. त्यामुळे येथे रुग्णाची स्वतःची दक्षता अधिक मोलाची. शौचातून रक्त, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, अकारण रक्तक्षय वा वजनघट ही लक्षणे असतील, तर प्रश्न चाळणीचा उरत नाही, निदानाचा होतो. ‘मूळव्याध असेल’ म्हणून महिनोन्महिने थांबणे येथे महाग पडते. आईवडील वा भावंडांपैकी कोणाला हा कर्करोग झाला असेल, तर तपासणी लवकर सुरू करण्याविषयी डॉक्टरांना आपणहून विचारावे.