सौर पॅनेलवरचा आयातकर : संरक्षण कोणाला, बोजा कोणावर?

परदेशी मालावर कर लावला की देशी उद्योग वाढतो आणि देशी उद्योग वाढला की सगळ्यांचे भले होते, असे आपल्याला सांगितले जाते. यातली पहिली गोष्ट बऱ्याच अंशी खरी आहे. दुसरी मात्र आपोआप घडत नाही. सौर उद्योगाचा इतिहास हेच दाखवतो.

२०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले. त्यातल्या काही प्रकल्पांना देशी बनावटीचे सेल आणि मॉड्यूल वापरण्याची अट होती. अमेरिकेने २०१३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि २०१६ मध्ये निकाल भारताविरुद्ध गेला. तोवर स्वस्त चिनी पॅनेलनी बाजार व्यापला होता.

मग कर आला. जुलै २०१८ मध्ये चीन आणि मलेशियाच्या मालावर २५ टक्के संरक्षक शुल्क लागले. दोन वर्षांत ते २० आणि १५ टक्क्यांवर उतरणार होते. अशा उतरत्या शुल्काच्या भरवशावर नवा कारखाना कोण उभारणार? उलट विशेष आर्थिक क्षेत्रातल्या भारतीय कारखान्यांनाही देशात माल विकताना हेच शुल्क पडले! प्रकल्पांचा वाढीव खर्च 'कायद्यातील बदल' या कलमाखाली वितरण कंपन्यांकडे सरकला. वितरण कंपनीचा खर्च शेवटी कोणाच्या बिलात येतो, हे वेगळे सांगायला नको.

एप्रिल २०२२ पासून मॉड्यूलवर ४० आणि सेलवर २५ टक्के सीमाशुल्क लागले. सोबत उत्पादनाशी जोडलेले अनुदान आले : आधी ४,५०० कोटी, नंतर १९,५०० कोटी रुपये. मॉड्यूलचे कारखाने झपाट्याने वाढले, हे मान्य केलेच पाहिजे. पण वेफर आणि पॉलिसिलिकॉनसाठी आपण चीनवरच अवलंबून राहिलो.

आता थोडे मागे जाऊ. १९३० मध्ये कापड उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला. ब्रिटिश कापडावर १५ टक्के, इतर परदेशी कापडावर २० टक्के कर. गिरणीमालकांना आधार मिळाला. पण मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्याचे दार बंदच होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळ होतो, हे कारण! आणि जास्त मजुरी त्याच खात्यात होती. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न थेट मांडला. कराने गिरणी वाचते, गिरणीतली जात मरत नाही.

याचा अर्थ आम्ही देशी उद्योगाच्या विरोधात आहोत असा नाही. शेतीवरचा भार हलका करण्याचा मार्ग औद्योगिकीकरण हाच आहे, हे बाबासाहेब १९१८ पासून सांगत होते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला, तो याच औद्योगिकीकरणासाठी.

म्हणून संरक्षण द्या, पण अटी घाला. खाजगी कारखान्यात आरक्षण लागू नाही, असे सांगून सुटका होणार नाही. अनुदान जनतेच्या पैशाचे आहे आणि वाढीव किंमतही जनताच मोजते. मग त्या कारखान्यांत आमची मुले अभियंता, तंत्रज्ञ, पर्यवेक्षक म्हणून किती आणि झाडलोट, हमालीच्या कंत्राटावर किती, याची आकडेवारी जाहीर झालीच पाहिजे. ती मागणे हे आपले काम आहे.