पगार आणि कमाई

मागच्या वर्षी आईला घेऊन बँकेत गेले होते. फॉर्म भरताना साहेबांनी विचारलं, "पगार किती?" आई म्हणाली, "मला कुठला पगार हो साहेब? घरचंच काम की!" त्या रकान्यात शून्य पडलं. ह्याच आईने दोन म्हशींच्या दुधावर आम्हा तिघी बहिणींची शाळेची फी भरली होती. ते शून्य मनाला लागलं आणि मी 'पगार' ह्या शब्दाचं मूळ शोधायला बसले.

हा शब्द आपल्याला इतका घरचा वाटतो, की तो समुद्रापलीकडून आला हे सांगूनही पटत नाही. पोर्तुगीज भाषेत 'पगार' म्हणजे पैसे देणे, चुकते करणे. तिकडे ते क्रियापद आहे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, तो १९६१ पर्यंत सोडला नाही. वसईही १५३४ पासून त्यांच्याकडे होती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. एवढ्या वर्षांच्या सहवासात त्यांचे कितीतरी शब्द आपल्याकडे राहिले: मेस्त्री, घमेले, बिजागरी, चावी, पाव. पगारही त्यातलाच. आमच्या बेळगावात शेजारची कन्नड बोलणारी अक्कासुद्धा 'पगार'च म्हणते, आणि गुजरातीतही हाच शब्द आहे.

त्याआधी आपल्याकडे शब्द नव्हते असं नाही. 'वेतन' तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. 'तनखा' फारसीतून आला. पण रोजच्या बोलण्यात टिकला तो पगार.

आता गंमत बघा. पगार ही मुळात देणाऱ्याची क्रिया. कुणीतरी महिन्याच्या महिन्याला हातावर पैसे ठेवले तरच तो पगार. राबणाऱ्याच्या कष्टाचा त्या शब्दात उल्लेखच नाही. 'कमाई'चं तसं नाही. संस्कृतातलं 'कर्म' प्राकृतात 'कम्म' झालं. त्यातूनच आपलं 'काम' आलं आणि 'कमाई'ही त्याच घरातली. हे 'कम्म' आपल्याला परकं नाही. आपल्या प्राकृत गाथांमधून ते कानावर पडतच असतं. कर्म ज्याचं त्यानेच करायचं असतं, ते दुसरा कुणी हातावर ठेवत नाही, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. मग कमाई मोजताना मात्र देणारा कोण, एवढंच आपण का बघतो?

पापड लाटणाऱ्या, शेवया करून विकणाऱ्या, शिलाई मशीनवर रात्री जागवणाऱ्या आपल्या कितीतरी बायका "मी काही करत नाही" असं सहज बोलून जातात. पगार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

घरी आल्यावर मी आईला म्हटलं, "पगार राहू दे, तुझी कमाई सांग." ती बोटांवर मोजायला लागली. दूध, तूप, शेणी, सांडगे, उन्हाळ्यातल्या शेवया… दोन्ही हातांची बोटं संपली, तरी तिचं मोजणं चालूच होतं.