परवानगी कोणी कोणाकडे मागायची?

अमेरिकेत एखाद्या शाळेत गोळीबार झाला की आमच्या हापिसात जेवणाच्या टेबलावर दोन दिवस तोच वाद रंगतो. अर्ध्या मंडळींचं म्हणणं, "वेडे आहेत लेकाचे, बंदुका काढून का घेत नाहीत?" ऑनसाइट राहून आलेला एखादा म्हणतो, "अरे, तो त्यांचा घटनेने दिलेला हक्क आहे, तुला नाही कळायचं." मग डबे बंद होतात आणि जो तो आपल्या डेस्कवर. दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली असते: बंदूक हा त्यांचा प्रश्न, आपला कधी नव्हताच. इतिहास उघडला तर चित्र वेगळंच दिसतं. शस्त्र बाळगायच्या हक्कासाठी आपली काँग्रेस चाळीसहून अधिक वर्षं भांडत होती, आणि त्या भांडणात खुद्द गांधीजी होते!

मुळापासून सुरुवात करू. १६८८ मध्ये इंग्लंडच्या लोकांनी दुसऱ्या जेम्स राजाला घालवलं. तो कॅथलिक. प्रोटेस्टंटांची शस्त्रं काढून घेतली आणि कॅथलिकांना शस्त्रं दिली, हा त्याच्यावरच्या आरोपांपैकी एक. म्हणून १६८९ च्या हक्कांच्या सनदेत एक कलम आलं: प्रोटेस्टंट प्रजेला स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगता येईल, पण आपापल्या ऐपतीला साजेसं आणि कायदा परवानगी देईल तेवढंच. म्हणजे हक्क दिला, पण धर्म, ऐपत आणि कायदा अशा तीन अटींसकट. आमच्या भाषेत बोलायचं तर हा मूळ कोड. पुढे याच्या वेगवेगळ्या शाखा निघाल्या आणि प्रत्येक शाखेने यातल्या वेगळ्या अटी ठेवल्या, वेगळ्या पुसल्या.

पहिली शाखा अमेरिकेची. १९ एप्रिल १७७५ ला ब्रिटिश फौज बॉस्टनहून काँकर्डकडे निघाली ती तिथला दारूगोळा जप्त करायला. वाटेत लेक्झिंग्टनला गोळी सुटली आणि स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. ज्या देशाचा जन्मच 'सरकार शस्त्रं काढून घ्यायला आलं' या प्रसंगातून झाला, त्याच्या १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत धर्म आणि ऐपत दोन्ही गळाले यात नवल नाही. एकच वाक्य, इंग्रजीत जेमतेम २७ शब्द. अर्ध्यात मिलिशिया म्हणजे नागरी सेना, अर्ध्यात लोकांचा हक्क. हा हक्क सेनेपुरता की प्रत्येकाचा, यावर दोनशे वर्षं काथ्याकूट झाला. शेवटी २००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो व्यक्तीचा हक्क ठरवला.

पण 'लोकांचा' म्हणजे कोणत्या लोकांचा? मार्च १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश टॉनी यांनी कृष्णवर्णीयांना नागरिक मानायला नकार दिला. त्यांचा एक युक्तिवाद असा, की नागरिक मानलं तर हे लोक शस्त्रं घेऊन हवे तिथे फिरू शकतील! पुढे १९६७ मध्ये ब्लॅक पँथर्स कॅलिफोर्नियात भरलेल्या बंदुका उघड घेऊन फिरू लागले, तेव्हा त्यावर बंदी आणणाऱ्या कायद्यावर सही कोणाची? गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची. थोडक्यात काय, तर स्वातंत्र्याचं प्रतीक कोणाच्या खांद्यावर आहे यावर बरंच काही ठरत होतं.

आता आपली शाखा. ड्रेड स्कॉटच्या निकालानंतर दोनच महिन्यांनी मेरठला उठाव झाला. तो मोडून काढल्यावर इंग्रजांनी लोकांना नि:शस्त्र करायला सुरुवात केली आणि १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या काळात शस्त्र कायदा आला. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा, हा योगायोग नव्हे. 'शस्त्र' या शब्दात नुसती बंदूक नव्हती. तलवार, भाला, खंजीर, धनुष्यबाण सगळं होतं. ज्या घरांत खंडेनवमीला शस्त्रांची पूजा व्हायची त्यांना हे किती लागलं असेल! पण खरा काटा पुढेच आहे. कायद्याखालच्या नियमांनी युरोपियनांना परवान्यातून सूट दिली. म्हणजे अट पुन्हा आली, फक्त धर्माच्या जागी वंश.

काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच याविरुद्ध ठराव केला. तक्रार 'आम्हाला बंदुका हव्यात' एवढीच नव्हती. 'आमच्यावर विश्वास का नाही' ही होती. आणि कायद्याने शस्त्रं थांबली म्हणावं तर तेही नाही. १९०९ मध्ये सावरकरांनी लंडनहून चोरून पाठवलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एक नाशकात अनंत कान्हेरेंच्या हाती आलं आणि कलेक्टर जॅक्सनचा वध झाला.

गांधीजींनी तर १९१८ मध्ये खेड्यात सैन्यभरतीसाठी फिरताना लिहिलं, की एका अख्ख्या राष्ट्राला नि:शस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीचं सर्वात काळं कृत्य ठरेल. अमेरिकेतले बंदूकवाले हे वाक्य मोठ्या आवडीने वापरतात. ते सैन्यभरतीच्या पत्रकातलं आहे हे मात्र सांगत नाहीत. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी सरकारपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांतही स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने होते, लोकांच्या नियंत्रणाखाली. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्कच म्हटला गेला.

मग तो आपल्या घटनेत का नाही? डिसेंबर १९४८ च्या सुरुवातीला, मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी ह. वि. कामथ यांनी कराचीचा हवाला देऊन घटना समितीत तशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. त्यांचा मुद्दा साधा होता: कोणीही बाजारात जाऊन हवी ती हत्यारं घ्यायची म्हटलं, तर राज्य चालायचं कसं? स्वतंत्र देशात शस्त्र उचलायचा हक्क नव्हे, तर वेळ आल्यास ते उचलायचं कर्तव्य महत्त्वाचं. दुरुस्ती फेटाळली गेली. ते वर्ष कोणतं होतं ते आठवा. फाळणीच्या कत्तली ताज्या होत्या, सप्टेंबरात हैदराबादची कारवाई झाली होती, आणि जानेवारीत एका पिस्तुलाने गांधीजींचाच बळी घेतला होता.

आज आपल्या मूलभूत हक्कांत शस्त्राचा उल्लेख येतो तो असा: कलम १९ मध्ये शांततेने आणि 'विनाशस्त्र' जमण्याचा हक्क, आणि कलम २५ मध्ये शिखांचं कृपाण. बस्स.

फायरवॉल लावणाऱ्यांना हे पटकन कळेल. अमेरिकेत नियम 'सगळ्यांना मुभा, मग काहींना मनाई'. आपल्याकडे 'सगळ्यांना मनाई, मग काहींना मुभा' (कोडगूचे कोडव लोक हा अपवाद, त्यांना आजही परवान्यातून सूट आहे). त्यांची भीती सरकारची, आपली शेजाऱ्याची. दोन्ही भीती इतिहासाने शिकवलेल्या, म्हणून कोणालाच वेडं म्हणण्यात अर्थ नाही. पण किंमत मोजावी लागतेच. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४८ हजार ८०० माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या. ज्या बंदुकीने सरकारला दूर ठेवायचं, ती सर्वात जास्त वेळा मालकावरच चालते.

माझं मत विचाराल तर मी आंबेडकरांच्या बाजूचा. मात्र त्यामुळे १८८७ ची तक्रार खोटी ठरत नाही. 'स्मॉल आर्म्स सर्व्हे'च्या २०१७ च्या अंदाजानुसार भारतात लोकांकडे सुमारे ७ कोटी बंदुका आहेत आणि त्यातल्या १ कोटीसुद्धा परवान्याच्या नाहीत. म्हणजे मनाई पाळतो तो सरळ माणूस. गावठी कट्टेवाला अर्जच करत नाही.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात, कलम १४ मध्ये, एक छोटीशी ओळ आहे: पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. इंग्लंडच्या सनदेतली ती 'ऐपतीला साजेसं'ची अट आपण निदान कागदावर अशी पुसली. परवाना मागायला लागणं हा अपमान नाही. अपमान तेव्हा होतो, जेव्हा परवानगी एकाने मागायची असते आणि दुसऱ्याला ती जन्मतःच मिळालेली असते. कलेक्टर कचेरीत पुढाऱ्याचा अर्ज आणि साध्या शेतकऱ्याचा अर्ज एकाच नजरेने वाचला जातो का, हे बघत राहायला हवं. लिटनसाहेबाचा कायदा खरा संपला की नाही, ते तिथे कळेल.